लेझमीची जोडी आणि हजेरीपट: संगीतामुळे मूल शाळेत का येते?

सांगली जिल्ह्यात कोणत्याही प्राथमिक शाळेची चौकशी करणारा माणूस पहिल्या दमात दोन प्रश्न विचारतो: पट किती आणि हजेरी किती. बाहेरच्या माणसाला हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे वाटतात. शाळेत काम करणाऱ्याला मात्र त्यांच्यातले अंतर रोज सकाळी दिसते. पट म्हणजे ज्या मुलांची नावे शाळेत दाखल आहेत त्यांची संख्या, आणि हजेरी म्हणजे त्यांपैकी आज जी मुले प्रत्यक्ष येऊन बसली आहेत त्यांची संख्या. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यानंतर सहा ते चौदा वयाच्या मुलांची नावे पटावर आणण्याचे काम बऱ्याच अंशी पार पडले आहे. नाव लावलेले मूल दररोज शाळेत यावे, हे काम मात्र अजून शिल्लक आहे. या दुसऱ्या कामात संगीताचा काय आणि किती उपयोग होतो, तो कशामुळे होतो आणि कोठे मुळीच होत नाही, हे मी प्राथमिक शाळेतील अनेक वर्षांच्या नोकरीच्या आधारे येथे समजावून सांगणार आहे.

आधी हजेरीचे गणित पाहू, कारण ते कळल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही. एका वर्गाचा पट ३० आहे आणि महिन्यात शाळेचे दिवस २२ भरले, असे धरू. सगळी मुले सगळे दिवस आली असती, तर ६६० हजेऱ्या पडल्या असत्या. प्रत्यक्षात ५९४ पडल्या, म्हणजे सरासरी उपस्थिती ९० टक्के झाली. कागदावर हा आकडा चांगला दिसतो आणि केंद्रप्रमुखही त्यावर समाधानी होतात. पण उरलेल्या ६६ गैरहजेऱ्या कोणाच्या आहेत, हे सरासरी सांगत नाही. वर्गातील प्रत्येक मूल महिन्यातून दोनेक दिवस घरी राहिले असेल, तरी आकडा हाच येतो. आणि तीन मुले महिनाभर शाळेकडे फिरकलीच नसतील, तरीही आकडा तोच येतो. पहिल्या वर्गात काळजीचे फारसे कारण नाही, तर दुसऱ्या वर्गातील तीन मुले शाळेपासून तुटत चालली आहेत. संगीताचा उपयोग पाहायचा तो या तिघांसाठी. जे मूल तसेही रोज येते, त्याला गाणे शिकवून आनंद मिळेल, त्याची समजही वाढेल. मात्र हजेरीच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

ही तीन मुले का येत नाहीत, याची कारणे गावागणिक बदलतात. जत आणि आटपाडीकडच्या कोरडवाहू भागात आईवडील ऊसतोडीला किंवा मेंढरांमागे निघाले की मूलही त्यांच्याबरोबर निघते. तासगावकडे द्राक्षाच्या हंगामात आणि पुढे बेदाण्याच्या दिवसांत घरातील मोठी माणसे उजाडायच्या आत कामावर जातात आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला चौथी-पाचवीतील मुलगी घरी राहते. शिराळा तालुक्यात आणि सातारा जिल्ह्यातील पाटण, जावळीच्या डोंगराळ पट्ट्यात पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की वाडीवरची मुले आपोआप घरी थांबतात. बाजारचा दिवस, जत्रा, पाहुणेरावळे, आजारपण ही सगळीकडची कारणे आहेत. शिवाय एक कारण असे आहे, जे पालकांच्या तोंडून कधी येत नाही आणि मूलही ते सांगू शकत नाही: मुलाला शाळेत जावेसे वाटत नाही, कारण तेथे आपले काही आहे असे त्याला वाटत नाही.

ही कारणे समोर मांडली की एक गोष्ट स्वच्छ दिसते. कुटुंब गाव सोडून गेले असेल, ओढा भरून वाहत असेल किंवा घरात भाकरीचीच अडचण असेल, तर ढोलकी काही करू शकत नाही. तेथे हंगामी वसतिगृह, साकव, धान्य आणि मजुरी यांचीच गरज असते आणि त्यांच्याऐवजी गाणे पुढे करणे हा त्या मुलांवर अन्याय आहे. संगीताचा खरा जोर चालतो तो ज्या दिवसांना मी अर्ध्या मनाचे दिवस म्हणतो, त्या दिवसांवर. सकाळी आई म्हणते, ‘आज राहिलास तरी चालेल, शेरडं बघ.’ या वाक्यात हुकूम नसतो, सोय असते. मूल ‘बरं’ म्हणाले तर एक दिवस गेला, आणि मूल हट्टाला पेटले तर बहुतेक आया सोडतात. हट्टाला पेटण्याइतके मोठे कारण मुलाजवळ असले पाहिजे. वर्षभरात असे दिवस बरेच असतात. शाळेचे २२० दिवस धरले, तर दहा टक्के म्हणजे २२ दिवस, म्हणजेच महिन्याला दोनच दिवस. पण एवढे दिवस चुकवणाऱ्या मुलाला दीर्घकाळ अनियमित मानण्याची पद्धत अनेक देशांत आहे. महिन्याला दोन दिवस फारसे वाटत नाहीत, म्हणूनच ते घरात कोणाच्या लक्षात येत नाहीत.

मुलाजवळ असे कारण कसे तयार होते, हे मी प्रथम लेझमीच्या रांगेत पाहिले. आमच्या शाळेत सहावी-सातवीची चोवीस मुले-मुली लेझीम खेळत. चार आवाज हा लेझमीचा सुरुवातीचा प्रकार बसल्यावर आठ आवाज या पुढच्या प्रकाराकडे वळलो, तेव्हा मी समोरासमोर बारा जोड्या पाडल्या. त्यांत एक मुलगा असा होता की आठवड्यातून दोन दिवस त्याची जागा रिकामी राही. पाचवीपासून हेच चालले होते. घरी जाऊन सांगितले, वडिलांना शाळेत बोलावले, तरी फरक पडला नव्हता. जोड्या पडल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात तो बाजारच्या दिवशी, म्हणजे त्याच्या ठरलेल्या सुट्टीच्या दिवशी, परिपाठाच्या आधीच दारात उभा दिसला. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, ‘सर, मी नाही आलो तर त्याची लेझीम कुणासंगं वाजायची?’ तो म्हणजे त्याच्या समोरचा गडी. आदल्या आठवड्यात याच्या गैरहजेरीमुळे त्या गड्याला रांगेबाहेर बसावे लागले होते आणि त्याने याच्याशी दोन दिवस अबोला धरला होता. मी आणि त्याच्या वडिलांनी मिळून जे साधले नव्हते, ते त्या दोन दिवसांच्या अबोल्याने साधले.

या प्रसंगातून माझ्या ध्यानात आलेली गोष्ट हाच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. मुले संगीतामुळे शाळेत येतात ती संगीत गोड असते म्हणून येतात, असा आपला समज असतो. गोडी हे कारण आहेच, पण ते दुय्यम आहे आणि ते लवकर ओसरते. मुख्य कारण असे की, सामूहिक संगीतात प्रत्येक मुलाची गैरहजेरी ऐकू येते. गणिताच्या तासाला एक मूल कमी असले तर गणित अडत नाही. फळ्यावर उदाहरण सुटते, बाकीची मुले ते उतरवून घेतात आणि गैरहजर मुलाची आठवण फक्त हजेरीपटातील खुणेपुरती राहते. लेझमीत मात्र जोडी मोडते, झांज वाजवणारी मुलगी आली नाही तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हलकी पडते, दोन गटांनी आळीपाळीने म्हणायच्या गाण्यात एका गटाचा आवाज बसतो. ‘तुझ्यावाचून अडते’ असे ज्या मुलाला कोणीच कधी सांगितलेले नसते, त्याला ते येथे शब्दांवाचून सांगितले जाते, आणि सांगणारी माणसे त्याच्याच वयाची असतात.

याच्याशेजारी हजेरीसाठी आजवर झालेले इतर उपाय ठेवून पाहावेत. १५ ऑगस्ट १९९५ पासून देशात शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली, तेव्हा आरंभी बहुतेक ठिकाणी मुलाला महिन्याला तीन किलो कोरडे धान्य मिळत असे आणि त्यासाठी ८० टक्के उपस्थितीची अट होती. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि धान्याच्या पिशवीची जागा रोजच्या ताटाने घेतली. हा बदल फार मोलाचा होता, कारण धान्य घरी जात होते आणि ताट मुलापुढे येते, तेही शाळेत आल्यावरच. खिचडीने असंख्य मुलांना शाळेत आणले, टिकवले आणि ज्या घरात एकच वेळ चूल पेटते तेथे तिला पर्याय नाही. तरीही ताट मुलाला काहीतरी देते, मुलाकडून काही मागत नाही. मुलाला घेण्याइतकीच देण्याचीही गरज असते. देण्याची ही जागा संगीतात आयती मिळते, आणि तीसुद्धा अशा मुलाला, ज्याच्याकडून वाचनात किंवा गणितात कोणी काही अपेक्षा ठेवलेली नसते.

या विषयावर जगात काही काळजीपूर्वक अभ्यास झाले आहेत, आणि ते नीट वाचले तर उत्साह आणि सावधपणा या दोन्हींची सोय होते. जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात चार वर्षांच्या ९६ मुलांच्या जोड्या पाडल्या. काही जोड्यांनी एक खेळ गात-वाजवत आणि तालावर हालचाल करत खेळला, तर काहींनी तोच खेळ संगीतावाचून खेळला. त्यानंतर मुद्दाम एक अडचण उभी केल्यावर, संगीतासह खेळलेली मुले एकमेकांच्या मदतीला अधिक वेळा धावली. एका तालात हलणे आणि आपलेपणा वाटणे यांचे नाते एवढ्या लहान वयातही दिसते, इतका अर्थ त्यातून निघतो. अमेरिकेतील बोस्टन शहरात सरकारी शाळांमधील कलाशिक्षण वाढवण्यात आले, तेव्हा तेथील अनेक वर्षांच्या नोंदी तपासून असे आढळले की, ज्या वर्षी मुलाने कलेचा विषय घेतला त्या वर्षी त्याची उपस्थिती सुधारली, आणि आधीपासून सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांत ही सुधारणा अधिक होती. माझा लेझमीचा अनुभव याच्याशी जुळतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. व्हेनेझुएला या देशात होसे अंतोनिओ आब्रेउ यांनी १९७५ मध्ये मुलांच्या वाद्यवृंदांची मोठी चळवळ उभी केली आणि गरीब वस्त्यांतील मुलांना व्हायोलिन व बासरी हाती देऊन तिने जगाचे लक्ष वेधले. तेथील १६ केंद्रांत सहा ते चौदा वयाच्या २,९१४ मुलांचा जो अभ्यास झाला, त्यात काही मुलांना चिठ्ठ्या टाकून आधी प्रवेश दिला होता आणि काहींना वर्षभर उशिरा. आधी प्रवेश मिळालेल्या मुलांत स्वतःवर ताबा ठेवण्याची क्षमता थोडी वाढली आणि वर्तनाच्या तक्रारी काहीशा कमी झाल्या. बुद्धीच्या चाचण्यांत मात्र फरक दिसला नाही. म्हणून ‘संगीताने मूल हुशार होते, गुण वाढतात’ अशी जी वाक्ये पालकसभेत सर्रास ऐकू येतात, ती मी टाळतो. मूल शाळेत आले की त्याचा अभ्यास पुढे नेण्याचे काम शिक्षकाचे आहे, ते हार्मोनियमवर सोपवता येत नाही.

आता आपल्या मातीकडे वळतो, कारण शाळेतील संगीताची वाट ज्या थोड्या गावांतून निघाली त्यांत मिरज आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाडला झाला. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकून ते १८९६ मध्ये बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्यापूर्वी संगीत शिकायचे तर गुरूच्या घरी राहावे लागे आणि गुरूचा पोटापाण्याचा आधार दरबार असे. पलुस्करांनी वर्ग भरवले, क्रमिक पुस्तके लिहिली, स्वर कागदावर उतरवण्याची पद्धत तयार केली आणि परीक्षा ठेवल्या. म्हणजे सामान्य घरातील मुलाला फी भरून, वेळापत्रकाप्रमाणे संगीत शिकता येईल अशी व्यवस्था केली. त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा आजही गावोगावची मुले देतात. मिरजेची तंतुवाद्ये तर सर्वांना ठाऊकच आहेत. २०२४ मध्ये तेथील सतार आणि तंबोरा यांना भौगोलिक मानांकनही मिळाले.

एवढा वारसा हाताशी असूनही मी प्राथमिक शाळेला परीक्षेची वाट सुचवत नाही. परीक्षा एकट्या मुलाची असते आणि ज्याला घरी रियाजाला जागा व पेटी आहे तोच तिच्यात पुढे जातो. हजेरीसाठी लागते ते सामूहिक, दररोजचे आणि कोणालाही बाहेर न ठेवणारे संगीत. तंबोऱ्याचा उपयोग मात्र वेगळ्या तऱ्हेने झालेला मी पाहिला आहे. एकदा सातवीच्या मुलांना मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत नेले होते. पंढरपूर भागातून आलेले वाळलेले भोपळे दुकानापुढे रचून ठेवलेले होते. आत एक वयस्कर कारागीर घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवत जवारी लावत होते, म्हणजे तारेचा गुंजता आवाज जमवत होते. धागा केसभर पुढे गेला की आवाज बोथट होई, केसभर मागे आला की तार भरभरून बोलू लागे, आणि नेमक्या जागी आला की त्या एका तारेतून अनेक स्वर उमटल्याचा भास होई. मुले श्वास रोखून पाहत होती. परतताना एका मुलाने विचारले की, हे शिकायला कितवीपर्यंत शाळा लागते. या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे.

संगीताचा तास कोठे ठेवावा, यावर निम्मे यश अवलंबून असते. पुष्कळ शाळांत तो शनिवारी शेवटी असतो आणि वेळ उरला तर होतो. हजेरी वाढवायची असेल तर तो दिवसाच्या आरंभी, परिपाठाला जोडून ठेवावा. प्रार्थना, प्रतिज्ञा, राज्यगीत, सुविचार, दिनविशेष असा परिपाठाचा क्रम सगळीकडे चालतो. त्यातच दहा-पंधरा मिनिटे वाढवून रोज थोडे गाणे-वाजवणे ठेवले, तर वेळेवर येण्याचेही कारण मिळते. मोठा सराव आठवड्यातून एकदाच घेता येणार असेल, तर जुन्या हजेरीपटातून सर्वांत कमी हजेरीचा वार शोधून काढावा आणि सराव त्याच वारी ठेवावा. आमच्याकडे तो बाजारचा वार निघाला, दुसऱ्या गावात तो सोमवार निघेल. शाळा सुटल्यानंतर सराव ठेवण्याची चूक मात्र करू नये. वाडीवस्तीवरच्या मुलींची घरी जाण्याची गाडी ठरलेली असते, ती चुकली की पुढची अंधार पडल्यावर येते. सरावामुळे दोनदा उशीर झाला की घरचे तिसऱ्या वेळी शाळाच बंद करतात.

स्नेहसंमेलनाविषयी मला थोडे कठोर लिहावे लागणार आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी एका शाळेत संमेलनासाठी समूहगीत बसवत होतो. कार्यक्रम उठून दिसावा म्हणून चाळीस मुलांतून बारा आवाज निवडले आणि उरलेल्यांना ‘तुम्ही टाळ्या वाजवा’ असे सांगितले. निवडीच्या वेळी एका मुलाला मी दोन ओळी म्हणायला लावून मध्येच थांबवले होते. त्यानंतर तो नऊ दिवस शाळेत आला नाही. तापाने आजारी आहे, असे घरून सांगण्यात आले आणि मीही ते मान्य केले. संमेलन छान झाले, गावाने कौतुक केले. हजेरीपटातील ते नऊ दिवस मी पुढे पुष्कळदा उघडून पाहिले आहेत. ज्या साधनाने मूल शाळेत येते, त्याच साधनाने ते शाळेपासून दूरही जाते, हे तेव्हा मला कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. म्हणून आता माझा नियम असा आहे की, शाळेच्या गाण्यात निवड नसते, वाटणी असते. ज्याचा सूर लागत नाही त्याच्याकडे खंजिरी, टाळ किंवा झांज असते. ज्याला लय सापडत नाही तो ध्रुवपदाला असतो. आणि लाजणारे मूल पहिला महिना सर्वांची वाद्ये मांडून ठेवते, पण तेही रोज ठेवते. त्याचप्रमाणे, गृहपाठ केला नाही म्हणून गाण्याच्या तासाला बाहेर बसवण्याची शिक्षा कधीही देऊ नये. ज्या मुलासाठी हा तास आहे, नेमके तेच मूल त्या शिक्षेत सापडते.

सूर न लागण्याचा दोषही बहुधा मुलाचा नसतो. पुरुष शिक्षक स्वतःच्या सोयीने पेटीच्या काळी एक किंवा पांढरी दोन या खालच्या पट्टीत गाणे उचलतो. लहान मुलांचा गळा तेथे एक तर खाली बुडतो किंवा वरच्या सप्तकात जाऊन किंचाळू लागतो, आणि ‘या पोरांना गळाच नाही’ असा निकाल दिला जातो. तेच गाणे काळी चार किंवा पाचच्या आसपास सुरू केले की वर्गाचा आवाज एकदम मोकळा होतो. पेटी नसेल तर मोबाइलवरचा तंबोरा पुरतो. प्रत्येक शिक्षकाने एकदा ही पट्टी बदलून पाहावी, कारण याला खर्च काहीच नाही.

गळ्याशी निगडित अशी आणखी एक बाब आहे, जिच्याकडे मला वाटते आपले फारच दुर्लक्ष झाले आहे. साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलग्यांचा आवाज फुटतो. कालपर्यंत पुढे उभा राहून गाणारा मुलगा आज तोंड उघडतो आणि आवाज भलतीकडेच जातो; वर्ग हसतो. हे वय सातवी-आठवीचे आहे आणि मुलगे शाळेतून गळू लागतात तेही साधारण याच सुमारास, कारण या वयात त्यांच्या हाताला मजुरी मिळू लागते. एकीकडे शेतात किंवा गॅरेजमध्ये मोठ्या माणसासारखी किंमत आणि दुसरीकडे वर्गात हसे, अशा वेळी मूल कोठे जाईल हे सांगायला नको. म्हणून आवाज फुटण्याच्या आधीच, सहावीत असतानाच, प्रत्येक मुलग्याच्या हाती एक तालवाद्य बसलेले असावे. आवाज ठिकाणावर यायला काही महिने लागतात. तेवढे दिवस त्याचा गळा विश्रांती घेतो आणि ढोलकीवर त्याची जागा कायम राहते.

वाद्ये आणि शिकवणारी माणसे यांची आपल्याकडे उणीव नाही. सांगली-साताऱ्याच्या गावात भजनी मंडळ असते, तेथे पखवाज आणि टाळ असतात. धनगरवाड्यावर ढोल असतो आणि गजीनृत्य जाणणारे म्हातारे असतात. जत्रेत हलगी घुमते. आज्यांना जात्यावरच्या ओव्या येतात. शाळा व्यवस्थापन समितीने मनावर घेतले तर ही माणसे आठवड्यातून एकदा शाळेत येतात, हा माझा अनुभव आहे. मात्र येथे एक काळजी घेतलीच पाहिजे. हलगी ज्या समाजाकडे परंपरेने आली, त्या समाजातील मुलाच्याच हाती शाळेत हलगी दिली, तर आपण जात शिकवली, संगीत नव्हे. हलगी वर्गातील प्रत्येकाने शिकावी, भजनातील पखवाजही प्रत्येकाने शिकावा आणि ढोलकी मुलींनीही वाजवावी. गाणी निवडतानाही अशीच निवडावीत की वर्गातील कोणत्याही घरच्या मुलाला ओठ मिटून उभे राहावे लागू नये.

कायद्याची मदत येथे अपुरी पडते. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, परंतु ती सहावी ते आठवीचा पट १०० हून अधिक असलेल्या शाळांसाठी आहे. डोंगरातील आणि माळावरील लहान शाळा तिच्यात बसत नाहीत. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये कला आणि अभ्यासविषय यांच्यात भिंत नसावी असे म्हटले आहे, ते योग्यच आहे, पण दोनशिक्षकी शाळेत ती भिंत पाडायला माणसे तीच दोन असतात. त्यातल्या त्यात एक गोष्ट सोयीची आहे: पहिलीपासून चौथीपर्यंतची सगळी मुले ज्या थोड्या विषयांसाठी एकत्र बसू शकतात, त्यांत गाणे आहे.

उपाय लागू पडतो आहे की नाही, हे पाहताना एकूण सरासरीकडे पाहू नये. वर सांगितलेल्या तीन मुलांची नावे वेगळ्या कागदावर घ्यावीत आणि प्रत्येकाचे महिन्याचे दिवस मोजावेत. तुलना मागच्या महिन्याशी करू नये, कारण दिवाळीनंतरची हजेरी तोडीमुळे तशीही बदलते. मागील वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. मूल केवळ सरावाच्या वारी येत असेल, तर ती सुरुवात समजावी आणि दुसऱ्या वारी त्याच्याकडे आणखी एक जबाबदारी द्यावी. दोन-तीन महिन्यांतही काही फरक पडला नाही, तर कारण घरात आहे असे समजून गाण्याचा नाद सोडावा आणि घराची पायरी चढावी.

काही मुलांच्या बाबतीत मात्र ही मोजणी करायलाही वेळ मिळत नाही. दिवाळी झाली की वाळवा, पलूस, कऱ्हाडच्या ऊसपट्ट्यात बीडकडील ऊसतोडणी कामगार कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, टाकतात आणि त्यांची मुले चार-पाच महिन्यांसाठी आमच्या वर्गांत येतात. त्यांना शेवटच्या रांगेत जागा मिळते, पुस्तक कोणाचे तरी जुने मिळते. अशीच एक मुलगी एका डिसेंबरात पाचवीत आली. पहिले आठ दिवस ती एक शब्दही बोलली नाही. लेझमीच्या सरावाला हलगी वाजवणारा मुलगा त्या दिवशी नव्हता. हलगी बाकावर पडली होती. तिने ती उचलली, चुलीच्या धगीला धरून कातडे तापवले, बोटाने टिचकी मारून पाहिले आणि चार आवाजाचा ठेका असा धरला की चोवीस लेझमी एकदम सरळ झाल्या. त्या दिवसापासून एप्रिलपर्यंत ती फाटक्या चपलेने दीड मैल चालत येत राहिली. फडावर पाणी न्यायचे असेल त्या दिवशी उशिरा आली, पण आली.

एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि कोप्या उठल्या. अशा मुलांना जाताना शाळा शिक्षण हमी पत्रक देते. त्यावर मुलाचे नाव, इयत्ता आणि येथे झालेल्या शिक्षणाच्या नोंदी असतात, ज्यायोगे पुढच्या शाळेला त्याला बसवून घेता यावे. तिचे पत्रक भरून झाल्यावर खाली थोडी कोरी जागा उरली होती. तेथे मी लिहिले, ‘हलगी उत्तम वाजवते. चार आवाज आणि आठ आवाज येतात. हिला रांगेच्या पुढे उभे करावे.’ नमुन्यात अशा मजकुराला रकाना नाही. तो असावा, अशी माझी मागणी आहे, आणि तोवर ज्यांच्या हाती ही पत्रके भरण्याचे काम आहे त्यांनी कोऱ्या जागेत लिहावे.